शिवण टोचत होती

धीर द्यायला आलेल्या माणसांचा मला अजून राग येतो. सफरचंदांची पिशवी पुढे करायची, "मन खंबीर ठेवा, काही होत नाही," म्हणायचं आणि चहा पिऊन निघून जायचं. म्हणून मी इथे कोणाला धीर देणार नाही. मला माझी एक चूक सांगायची आहे. शिवणकाम येणाऱ्या बाईकडूनच होऊ शकेल अशी ती चूक आहे, आणि तिची किंमत माझ्याहून जास्त दुसऱ्याच बाईने मोजली.

मी पीटी शिकवायचे. नायगाव पूर्वेला, जूचंद्रच्या वाटेवर आमची शाळा आणि मागे मिठागराच्या कडेला भराव टाकून केलेलं मैदान. मुलींचा कबड्डीचा संघ माझ्याकडे होता. त्यांच्याबरोबर रोज पळायचं, वाकायचं, उड्या मारायच्या, म्हणजे छातीचा काहीतरी बंदोबस्त हवा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे धावण्यासाठीची ब्रा कुठे मिळत होती? स्टेशनजवळच्या दुकानात नुसती ब्रा मागितली तरी दुकानदार तीन खोकी पुढे ढकलून पंख्याकडे बघत बसे. घालून बघायचा प्रश्नच नव्हता. घेतलेली वस्तू वर्तमानपत्रात अशी गुंडाळून मिळायची, जसा काही चोरीचा माल.

शेवटी मी स्वतःच शिवायला लागले. एक जुनी ब्रा पूर्ण उसवली, तिचे तुकडे इस्त्री करून कागदावर ठेवले आणि बेतून घेतले. कापड नवऱ्याच्या जुन्या बनियनचं, दुहेरी. खाली दोन बोटं रुंद इलॅस्टिक, खांद्यावर रुंद पट्टे, मागे हुक नाहीच, डोक्यावरून घालायची. ट्रॅक पँट आणि टी-शर्टही मी घरीच शिवायचे. बाकीच्या शिक्षिका साडीचा पदर खोचून "एक साथ सावधान" म्हणायच्या आणि मी चढाई करून दाखवायचे. मला त्याचा गर्व होता. आता कबूल करायला काय हरकत आहे?

शिवलेली ब्रा वाळत घालायची मात्र चोरून. आमच्या सासूबाई राजापूरकडच्या, त्यांना आम्ही आई म्हणायचो. माझी ब्रा दोरीवर दिसली की त्या येता-जाता तिच्यावर टॉवेल टाकायच्या. टॉवेल ओला असला तरी चालेल, पण वर टॉवेल पाहिजे. माझे कपडे कधी उन्हात वाळलेच नाहीत.

चार महिने

एका उन्हाळ्यात डाव्या बाजूची शिवण टोचायला लागली, बगलेच्या जरा खाली. धावून आले की तिथे लाल व्हायचं. मी शिवण उसवली आणि अर्धं बोट मागे घेतली. पंधरा दिवसांनी परत टोचायला लागली. मग वाटलं, धागा जाड आहे. धागा बदलला. मग आतून मऊ अस्तर लावलं. मग त्या बाजूला कापड सैल सोडलं. असे चार महिने मी त्या एका शिवणीशी झगडत होते, आणि प्रत्येक वेळी मशीनवर बसताना स्वतःच्या हाताला शिव्या देत होते. हात कपड्यावरून फिरत होता. कपड्याच्या आत काय आहे ते एकदाही चाचपून पाहिलं नाही.

पाहिलं तेव्हा सुपारीएवढी गाठ होती.

वसईतल्या डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटं हात लावून बघितलं आणि बेसिनपाशी जाऊन हात धुतले. हात धुताना त्या माझ्याकडे पाठ करून म्हणाल्या, "मिस्टर आलेत का बरोबर?" तिथेच मला कळलं. पुढे मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात सुई घालून तपासणी झाली, रिपोर्ट आला, तो सगळा निव्वळ सोपस्कार होता. माझं निदान त्या बेसिनच्या नळाखाली झालं.

माझा नवरा विलास बाहेर बाकावर बसला होता. परतताना रिक्षा घराजवळ आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला, "लोकांना काय सांगायचं?"

त्याचं उत्तर आईंनी तयार ठेवलं होतं. माझी नणंद सुनंदा तेव्हा गावाला थोरल्या दिरांकडे राहत होती आणि तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. आई दार लावून घेत म्हणाल्या, "शुभा, रागावू नको गो. पन घरात हा रोग हाय असा कळला तर पोरीला कोन पदरात घेईल? अपेंडिक्स सांगू. पोटात दुखत होता, काढून टाकला. संपला."

"आणि सुनंदाला?"

"तिला तर नकोच. तिच्या तोंडात तीळ भिजत नाय."

मी हो म्हटलं. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे सगळा दोष मी आईंवर टाकत आले. कोणी माझा हात पिरगळला नव्हता. मलाही लाज वाटत होती. अपेंडिक्स कसं स्वच्छ वाटतं! सात वर्षांच्या आमच्या मनूने तर शाळेत "माझी आई" या निबंधात लिहिलं, माझ्या आईचे अपेंडिक्स काढले, आता ती हुशार झाली. बाईंनी तिला दहापैकी नऊ गुण दिले.

बाटलीची पिशवी

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं काही नाही. झोपवलं आणि उठवलं. उठल्यावर छातीतून एक नळी बाहेर आलेली आणि तिच्या टोकाला लाल पाणी जमणारी बाटली. वॉर्डातली प्रत्येक बाई आपापली बाटली हातात धरून संडासला जायची. पहाटे तापमान, सात वाजता चहा, आठला पलंगपोस ओढणं, दहाला डॉक्टरांचा जथा. तो जथा विद्यार्थ्यांना आमच्या छात्या उघडून दाखवायचा, पण त्यातला एकही जण तोंडाकडे बघत नसे. एकदा मी म्हटलं, "डॉक्टर, वर पण एक बाई आहे." एक मुलगी तेवढी ओशाळली. बाकीचे लिहून घेत होते.

तिसऱ्या दिवशी मी विलासला सुईदोरा आणि जुनी उशीची खोळ आणायला सांगितली. खोळ कापून बाटलीसाठी खांद्याला अडकवायची पिशवी शिवली. डावा हात उचलत नव्हता, तर कापड गुडघ्याने दाबून धरलं. शेजारच्या खाटेवर भुईगावच्या रेमेतीनबाई होत्या, साठीच्या, बागायतदार घरातल्या. त्या जपमाळ ओढता ओढता तिरप्या नजरेने बघत होत्या. माळ संपली तशा म्हणाल्या, "माझ्या बाटलीलापण एक शिव. देवबाप तुझं बरं करो. आणि नाही केलं तरी पिशवी शिव."

चार दिवसांत मी अकरा पिशव्या शिवल्या. त्या वॉर्डात मला तेवढंच एक सुख मिळालं.

रेमेतीनबाईंची ही दुसरी वेळ होती. एक बाजू आधीच गेलेली. त्या रिकाम्या जागी काय घालतात, हे मला त्यांनीच शिकवलं. "नुसता कापूस घालू नको. हलका असतो, वर चढतो. हात वर केलास की गळ्याशी येऊन बसतो. वजन पाहिजे. मी आधी तांदूळ भरले, त्यात पोरकिडे झाले. चर्चमध्ये बसले असताना माझ्या मानेवर किडा चढला बघ! आता मटकी भरते."

त्या पोट धरून हसल्या आणि मग नळी ओढली गेली म्हणून कळवळल्या.

मैदान

पुढचे सहा-सात महिने औषधं, उलट्या आणि मग किरणांचा शेक. केस गेले तेव्हा गावाला कळवलं, शुभाला टायफॉईड झाला. आधी अपेंडिक्स, मग टायफॉईड. मी आईंना म्हटलं, "आता गोवर तेवढा राहिला." त्यांना हसू आलं नाही. मात्र त्या काळात माझ्या उलट्यांची बादली रोज त्यांनीच उचलली आणि नाकाला पदर लावला नाही. रागावताना ही बादली आडवी येते, म्हणून धड रागावताही येत नाही.

विलास चांगला वागला. फार चांगला वागला. इतका, की बदलताना मी खोलीत असले तर तो आपण होऊन बाहेर जायचा.

मला एकच गोष्ट हवी होती. मैदान. भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम मी रोज पेन्सिलीची खूण करून करायचे, ते केवळ हात वर करून शिट्टी देता यावी म्हणून. पण रजेचा खरा दाखला मुख्याध्यापिकाबाईंना द्यावाच लागला होता. मी रुजू व्हायला गेले तेव्हा त्यांनी तो कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "बाई, तुम्ही आता साडी नेसा. कार्यानुभवाचे तास घ्या. शिवण तुम्हाला येतेच."

"मला मैदान हवंय, बाई."

"अहो, टी-शर्टमध्ये दिसणार. मुली बघतात, पालक येतात. उगाच चर्चा."

"आणि दिसलं नाही तर?"

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. नेमकं कुठे पाहिलं ते सांगत नाही. "कोणाला काही कळणार नसेल तर माझी हरकत नाही. दिवाळीनंतर बघू."

मला हेच हवं होतं. आता वाटतं, त्या टेबलावर हात आपटून म्हणायला हवं होतं की दिसू दे, दिसलं तर काय आभाळ कोसळेल? पण मी घरी गेले आणि मशीनचं झाकण उघडलं.

मटकी

रिकाम्या जागी घालायची तयार वस्तू मुंबईत मिळायची, ती आमच्या आवाक्यात नव्हती आणि एका पुरुषासमोर पडद्याआड उभं राहून माप द्यायचं होतं. मी स्वतःच्या उजव्या बाजूचं वजन घरातल्या तराजूवर अंदाजाने काढलं. कसं काढलं ते विचारू नका. त्या वजनाची मटकी पातळ कापडाच्या दोन पुड्यांत भरली, एक मोठी, एक छोटी, म्हणजे आकार उतरता येईल. ब्रेसियरला आतून खिसा केला, त्यात पुडी घातली आणि खिशाचं तोंड शिवून टाकलं. पट्टा डाव्या बाजूला वेगळा बेतला, कारण तिथे पकडायला काही नव्हतं. पहिली धावताना फिरली. दुसरीने व्रणावर घासलं. तिसरी बसली. आरशासमोर दोरीवरच्या उड्या मारल्या, वाकले, हात वर केले. काही कळत नव्हतं.

दोन दिवस शाळेत साडीच्या आत ती घालून गेले. तिसऱ्या दिवशी ती घरीच ठेवली होती, तर आईंना काय वाटलं कोण जाणे. मी शाळेत असताना त्यांनी ती आपण होऊन पाण्यात भिजत टाकली, संध्याकाळी पिळली आणि बाल्कनीत दोरीवर घातली. वर टॉवेल. श्रावण होता, हवा दमट. माझी धांदल चालली होती, मी बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टॉवेल उचलला तर कापडातून पांढरे कोंब बाहेर आलेले, अर्धा अर्धा इंच. आतली मटकी मस्त मोड काढून फुगली होती आणि शिवण दोन ठिकाणी उकलली होती.

मी खाली फरशीवर बसले आणि हसायला लागले. मग रडायला लागले. तो आजार झाल्यापासून मी घरात पहिल्यांदाच मोठ्याने रडत होते. आई धावत आल्या, त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला. "मला काय म्हायत गो आत काय भरलंस ता? मी म्हटला, तुझा हात दुखतो, धुऊन टाकू." त्या माझ्या शेजारी बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "उसळ करायची पन सोय नाय."

त्यानंतर मी मटकी भाजून भरायला लागले, म्हणजे मोड येत नाहीत. खिशाला बटण केलं, म्हणजे धुताना पुडी काढून ठेवता येते.

दिवाळीनंतर मी मैदानावर गेले. घरी शिवलेली निळी ट्रॅक पँट, सैल नाही आणि घट्ट नाही असा टी-शर्ट. मुलींनी गराडा घातला. संघाची कप्तान वैशाली म्हणाली, "बाई, तुमी नव्हत्या तं सर आमाला पानी पन पिऊ देत नवते! तुमच्या पोटाला किती टाके परले? दाखवा ना."

"नऊ," मी ठोकून दिलं.

मी चढाई करून दाखवली. पंचविसेक पालक कुंपणाशी उभे होते. कोणाला काही कळलं नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी खिडकीतून मान हलवली. मी जिंकले होते. त्या दिवशी मला तसंच वाटलं होतं.

सुनंदा

सुनंदाचं लग्न ठरलं, झालं आणि ती विरारला आली. तिच्या हळदीला मी नऊवारी नेसून मिरवले. तिच्या सासूने मला विचारलं, "तुम्ही खेळाच्या बाई ना? अंग कसं ठेवलंय हो!" आईंनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे. आम्ही दोघी चोरांसारख्या हसलो.

सुनंदा दर पंधरा दिवसांनी यायची. मनूचे लाड करायची, आईंशी भांडायची, माझ्या मशीनवर बसून फॉल-बिडिंग करायची. अशीच एकदा ती दुपारची आली, पिशवीतून मोतिया रंगाचा ब्लाउज काढला आणि माझ्या मांडीवर टाकला.

"वहिनी, ह्याचं काहीतरी करा ना. उजव्या बाजूची शिवण टोचते. टेलरकडून दोनदा उसवून आणला, पण मेल्याला जमतच नाही. दुसरे पण टोचायला लागलेत."

"कधीपासून?"

"झाले की चार-पाच महिने."

माझ्या हातात कात्री होती. ती मी खाली ठेवली. स्वयंपाकघरात आई कांदा चिरत होत्या, तो आवाजही थांबला होता. मी सुनंदाला आतल्या खोलीत नेलं, ब्लाउज काढायला लावला आणि जिथे माझा हात स्वतःवर चार महिने गेला नव्हता तिथे ठेवला. मला जास्त शोधावं लागलं नाही.

तिला काही समजत नव्हतं. ती गुदगुल्या झाल्यासारखी हसली. मग मी माझा टी-शर्ट वर केला, खिशाचं बटण काढून पुडी बाहेर काढली आणि तिला ती सपाट बाजू दाखवली.

"हे काय आहे, वहिनी?" तिने विचारलं. "अपेंडिक्स ना?"

दारात आई उभ्या होत्या. हातात अर्धा कांदा तसाच. त्या म्हणाल्या, "अपेंडिक्स नव्हता गो सुनंदा. कधीच नव्हता."

सुनंदा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. तिने ब्लाउज उलटा-सुलटा करत हुक शोधले आणि खाली बघत एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलंत? मी टेलरकडे कशाला गेले असते?"

तिच्या लग्नासाठी लपवलं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगणार होते?

तिचं बगलेपर्यंत गेलेलं होतं, मग हाडात गेलं. ती पावणेदोन वर्षं जगली. वॉर्डात तिला बाटलीची पिशवी मीच शिवून दिली, फुलांच्या छापाची, तिला आवडायची तशी. तिच्या सासरच्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं, सुनबाईला कावीळ झाली आहे. मी तिथे सगळ्यांसमोर म्हटलं, "कावीळ नाही." त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू देत.

तिचे दिवस झाले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मी मैदानावरून आले तर बाल्कनीच्या पुढच्या दोरीवर, रस्त्याच्या बाजूला, भर उन्हात माझी ब्रा वाळत होती. वर काही नव्हतं. टॉवेल घडी करून कठड्यावर ठेवलेला. आई दुसरी पिळत होत्या. समोरच्या इमारतीतल्या बाई सुपात तांदूळ निवडता निवडता बघत होत्या, आणि आईंना ते दिसत होतं.

त्यांनी दुसरी झटकली, चिमटा लावला आणि मला रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "शुभा, हिच्यातली मटकी काढलंस ना गो?"

"काढलीये, आई," मी तितक्याच मोठ्याने म्हटलं.